बिरू आबांची गाडी आणि माझे कान

गाडीत टेप बसवून देणारा माणूस आता शोधून सापडायचा नाही. हल्ली गाडी शोरूममधून निघते तीच टीव्हीएवढा पडदा घेऊन, आणि त्याला हात लावला तर वॉरंटी जाते म्हणतात. पण नव्वदच्या दशकात शिरूरला पुणे-नगर रस्त्यावर माझं दुकान होतं आणि गाडी घेतली की माणूस आधी देवाला जायचा, मग माझ्याकडे यायचा. निदान मी तरी तसं सांगत असे. फुशारकी मारण्यात मी तेव्हाही कमी नव्हतो. त्या फुशारकीचं पुढे काय झालं तेच इथे लिहिणार आहे, आणि लिहिताना आजही कानशिलं गरम होतात.

आधी धंदा समजून घ्या. कंपनी गाडीत जे स्पीकर देते ते बहुतेक कागदी पडद्याचे असतात, वायर दोऱ्याएवढी बारीक. आवाज येतो, पण घोंगडीआडून आल्यासारखा. आमचं काम म्हणजे दाराचं आतलं पॅनल न मोडता उघडायचं, तिथे दमदार स्पीकर बसवायचा, डॅशबोर्डच्या कोपऱ्यात ट्वीटर, म्हणजे झांजेसारखे बारीक आवाज काढणारा बटणाएवढा स्पीकर, आणि सीटखाली अॅम्प्लिफायर. एवढं कुणीही शिकतो. खरी कसोटी शेवटी असते. सगळं जोडून झालं की गाडीत बसायचं, टेप लावायची आणि बेस, म्हणजे खालचा घुमणारा आवाज, किती आणि ट्रेबल, म्हणजे वरचा बारीक आवाज, किती हे कानानं ठरवायचं. त्याला मीटर नाही, माप नाही. तुमचा कान हेच अवजार.

आणि ह्या अवजाराशी आम्ही कसे वागायचो? ट्वीटर चालू आहे की जळलाय हे बघायला आमच्यात एक पद्धत होती. आवाज पूर्ण वाढवायचा आणि ट्वीटरला कान चिकटवायचा. माझ्या उस्तादानं मला तसंच शिकवलं. कान झणझणला की ट्वीटर चांगला. दिवसातून कितीतरी वेळा हे चालायचं. शिवाय जयंतीच्या, गणपतीच्या मिरवणुकीतले टेम्पो माझ्याकडेच सजायचे आणि मी कर्ण्यासमोर छाती काढून उभा असायचो. रात्री उशीवर डोकं टेकलं की कानात रातकिडे ओरडायचे. मला वाटायचं, शिवारात आहेत.

गिऱ्हाइकं एकेक नमुने. शिक्रापूरचा एक वडापवाला होता. त्याच्या जीपमध्ये माणसं इतकी कोंबलेली असायची की ड्रायव्हर स्वतः अर्धा बाहेर. तो म्हणाला, “मिस्त्री, आवाज आसा पायजे, की मी चाकणच्या फाट्यावर आसलो तरी स्टँडवरल्या पाशिंजराला कळलं पायजे, आपली गाडी आली.” मी तसा करून दिला. पुढे त्याच्या गाडीत हॉर्नच राहिला नाही, गरजच पडत नव्हती. यवतचा एक ढाबेवाला आपल्या गाडीत भजनं मोठ्यानं लावायचा आणि म्हणायचा, देवाला ऐकू गेलं पाहिजे. असल्या लोकांच्या जिवावर माझं नाव झालं. “शिरूरच्या मिस्त्रीचा आवाज गोड” असं लोक म्हणायचे. गोड हा शब्द मुद्दाम लक्षात ठेवा. कानठळ्या बसवणारे पुष्कळ होते, माझं नाव मात्र गोडव्यासाठी होतं.

माझी बायको शोभा दुकानातच असायची. ती दौंडची. तिचे वडील रेल्वेत खलाशी आणि सुट्टीच्या दिवशी भीमगीतांची पार्टी चालवणारे. घरात पेटी, ढोलकी, पाचपन्नास माणसांची तालीम, अशात ती वाढली. दुकानात ती माल काढून द्यायची, चहा सांगायची आणि गाडी तयार झाली की फडकं घेऊन आतून काच, डॅशबोर्ड पुसून द्यायची. माझ्या बोटांचे काळे ठसे उमटलेले असत. गिऱ्हाइकाला ते आवडायचं. मी हात धुवायला मागे जायचो तेव्हा ती हे उरकून घ्यायची.

एकदाच एक भानगड झाली. एका बँकेतले कॅशियर साहेब गाडी परत घेऊन आले. म्हणाले, “अॅक्सिलरेटर दाबला की आतून शिटी वाजते.” हा दोष आमच्यात प्रसिद्ध आहे. अॅम्प्लिफायरची अर्थिंग कच्ची राहिली की इंजिनाची घूं घूं स्पीकरमधून येते आणि इंजिन जितकं पळेल तितकी वर चढते. मी आत बसलो, इंजिन रेस केलं, कान दिला. शिटी कुठली, काही नाही. साहेब पुन्हा आले, पुन्हा काही नाही. तिसऱ्यांदा मी चारचौघांत म्हणालो, “साहेब, शिटी गाडीत नाही, तुमच्या डोक्यात आहे.” लोक हसले. साहेब लाल झाले आणि निघून गेले. शोभा तो सगळा आठवडा घरी होती, मुलाला ताप होता. मी संध्याकाळी तिला हा किस्सा रंगवून सांगितला. ती हसली नाही. म्हणाली, “असं बोलायला नको होतं.” मी म्हणालो, तुला धंद्यातलं काय कळतं.

तर आता बिरू आबा. न्हावऱ्याच्या पुढे त्यांची वस्ती. पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं घेऊन फिरणारं घर, वडिलांच्या काळापर्यंत पावसाळा सोडला तर घरी थारा नाही. मग बागायत झाली, मेंढरं गेली, रांजणगावाकडचा जमिनीचा तुकडा एमआयडीसीत गेला, आणि त्या पैशातून त्यांच्या मुलानं, दत्तानं, मुंबईहून एक जुनी परदेशी स्पोर्ट्स कार आणली. लालभडक, दोन दारांची, जमिनीला चिकटलेली. उसाच्या ट्रॉल्यांमधून ती निघाली की लोक काम टाकून बघत राहायचे. आमच्या रस्त्यांवर तिचं पोट घासायचं, म्हणून दत्ता खड्डा आला की आबांना खाली उतरवायचा, गाडी पलीकडे न्यायचा आणि पुन्हा बसवून घ्यायचा.

आबा गाडीसोबत दुकानात आले. धोतर, लाल पागोटं, हातात रुमालात बांधलेली एक कॅसेट.

“ह्यात आमच्या तात्याचा आवाज हाय,” ते म्हणाले. तात्या म्हणजे त्यांचे वडील. “पुन्याचा एक मानूस आल्ता, वव्या लिवून घेनारा. तळावर बसून टेप केलं त्यानं. वव्या झाल्या, मग तात्यानं मेंढरं उठवली. ती जाताना घंट्या वाजत्यात, त्याबी आल्यात बगा टेपमदी.”

त्या पितळी घंट्या तात्यांनी स्वतः पारखून एकेका मेंढीच्या गळ्यात बांधलेल्या. आबांना प्रत्येक घंटी कुणाची ते ओळखू यायचं. आता कळप नाही, तात्या नाहीत, घंट्याही विकल्या गेल्या. राहिली ती एवढी कॅसेट. घरच्या टेपवर त्या घंट्या पुसट यायच्या आणि ह्या गाडीत तर कंपनीचा टेप इंजिनाच्या गुरगुरण्यात बुडून जायचा.

“घंट्या नीट आल्या पायजेत,” आबा म्हणाले. “बाकी मला काय कळत न्हाई.”

मी छाती फुगवून म्हणालो, “आबा, मेंढी तुमच्या मांडीवर येऊन बसल्यासारखं वाटेल.”

शोभा तेव्हा माहेरी दौंडला गेली होती, तिच्या भावजयीच्या बाळंतपणाला. मी एकट्यानंच ते काम केलं, आणि खरंच जीव ओतून केलं. तसली गाडी पुन्हा हाताला लागणार नव्हती. दाराची पॅनलं उघडताना एक क्लिप मोडू दिली नाही. नवा टेप, नवे स्पीकर, काचेजवळ दोन भारीतले ट्वीटर. मग दारं लावून आत बसलो आणि आबांची कॅसेट लावली. तात्यांचा आवाज आला, भरदार, खणखणीत. ओव्या संपल्या. मेंढरं उठवल्याची आरोळी आली. पुढे घंट्या. मला त्या ऐकू येईनात. कॅसेट जुनी, मी म्हटलं, झिजली असणार. ट्रेबल वाढवला. थोडं काहीतरी किणकिणलं. आणखी वाढवला, ट्वीटरकडे जाणारा आवाज अॅम्प्लिफायरवरून चढवला, तेव्हा कुठे मला घंट्या ऐकू आल्या. मी खूश झालो.

आबांना आत बसवलं, दार लावलं, टेप सुरू केली आणि बाहेरून काचेतून बघत राहिलो. घंट्यांच्या जागेला आबांनी डोळे गच्च मिटले. गालांवरून पाणी ओघळलं. बाहेर आले तेव्हा रुमालानं तोंड पुसत होते. मी विचारलं, “कसं काय आबा?”

“चांगलं हाय मिस्त्री,” ते म्हणाले. “लई मन लावून केलंसा.”

त्या आठवड्यात दुकानात जो येईल त्याला मी सांगितलं, की शिरूरच्या मिस्त्रीनं म्हातारा रडवला. चहाच्या टपरीवर सांगितलं, स्टँडवर सांगितलं. शोभाला आणायला दौंडला गेलो तर सासऱ्यांसमोरही सांगितलं. आणि परतताना मला हुक्की आली, की वाटेवरच तर आबांची वस्ती आहे, शोभाला ते काम दाखवावं. ती नको म्हणत होती, उन्हाचं दमले आहे म्हणत होती. मी तिला एसटीतून जवळजवळ ओढूनच उतरवलं.

वस्तीवर गाडी लिंबाखाली उभी होती, ताडपत्रीनं झाकलेली. आबा ओसरीवर, दत्ता ट्रॅक्टरशी काहीतरी करत होता. पाणी झालं, चहा झाला. मी म्हणालो, “दत्ता, आमच्या मंडळींना जरा घंट्या ऐकव.”

दत्तानं आबांकडे बघितलं. आबा म्हणाले, “आसूं दे की मिस्त्री, ऊन लई हाय.” मी ऐकतोय कशाला? स्वतः ताडपत्री काढली, दोन्ही दारं उघडली, इंजिन सुरू करायला लावलं आणि कॅसेट सरकवली. शोभाला पुढच्या सीटवर बसवलं.

ओव्या सुरू झाल्या तशी ती चमकून माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, कौतुकानं. मग मी टेप पुढे नेऊन घंट्यांवर आणली. शोभानं दोन्ही हात कानांवर दाबले आणि उडी मारून बाहेर पडली. गाडीच्या सावलीला झोपलेलं कुत्रं केकाटत मक्यात पळालं. ओसरीवरचं दत्ताचं लेकरू रडायला लागलं, त्याला घेऊन त्याची आई आत गेली. दत्तानं वाकून टेप बंद केली.

एवढ्या माणसांमध्ये मला एकट्यालाच तो आवाज गोड लागत होता.

“काय झालं?” मी विचारलं. दत्ता म्हणाला, “मिस्त्री, कानात दाभण घातल्यावानी व्हतंय. आन् इंजिन चालू आसलं की वरनं शिटी. आबा गाडीत बसतच न्हाईत. मी पुन्याला नेऊन नीट करून आनतो म्हनलं, तर म्हनले, न्हाई, मिस्त्रीला कळलं तर वाईट वाटंल.”

म्हणजे त्या दिवशी आबांच्या डोळ्यांतून आलेलं पाणी दुखून आलं होतं. आणि मी ते गावभर मिरवलं होतं.

“शिटी आहे?” मी शोभाला विचारलं.

ती खाली बघत म्हणाली, “आहे.”

“मला का नाही येत?”

ती म्हणाली, “मी दुकानात असते तर एवढं झालं नसतं.” आणि बोलून गेल्यावर तिनं ओठ चावला. मी खोदून विचारलं तेव्हा तिथेच लिंबाखाली, परक्या माणसांसमोर, तिला सांगावं लागलं. काच पुसायच्या निमित्तानं ती गाडीत बसायची, मी हात धूत असेपर्यंत ट्रेबल मागे घ्यायची, बेस थोडा सोडायची, शिटी येत असेल तर मला आठवण करून दिल्यासारखं म्हणायची, अर्थिंगचा नट एकदा आवळून घेता का. किती वर्षं? तिलाही नक्की सांगता येईना. शिरूरच्या मिस्त्रीचा गोड आवाज म्हणजे शोभाचं फडकं होतं.

“मला सांगितलं का नाहीस?”

“कसं सांगू?” ती म्हणाली. “तुमचं सगळं कानावर. तो गेलाय म्हणून कोणत्या तोंडानं सांगू?”

मला त्या वेळी काय वाटलं ते लिहायला सोपं नाही. राग आला असता तर बरं झालं असतं. मला फक्त तिथून नाहीसं व्हावंसं वाटत होतं. कॅशियर साहेबांचा लाल चेहरा आठवला. तिला म्हटलेलं ते धंद्यातलं काय कळतं आठवलं. सासऱ्यांसमोर सकाळीच केलेली बढाई आठवली, आणि त्या वेळी शोभा मान खाली घालून लसूण सोलत होती तेही.

पुढे पुण्याच्या कानाच्या डॉक्टरांनी मला समजावून सांगितलं, की माझ्या कानांना माणसाचं बोलणं नीट कळतं, ढोलही कळतो, पण बारीक, उंच आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नाहीत. सतत कर्कश आवाजात राहिल्यानं असं होतं आणि गेलेलं परत येत नाही. ते नंतरचं. त्या दुपारी मला एवढंच कळलं, की आबांच्या कॅसेटचा आवाज मी बिघडवून ठेवला आहे आणि तो नीट केल्याशिवाय त्या वस्तीवरून निघता येणार नाही.

दत्तानं ट्रॅक्टरची पान्यांची पेटी दिली. मी सीटखाली आडवा झालो. शोभा पुढच्या सीटवर बसली, इंजिन चालू. मी अर्थिंगची वायर सोडवून दुसऱ्या जागी लावायची, रंग खरवडून खालचं लोखंड उघडं करायचं, नट आवळायचा आणि विचारायचं, “आहे?” वरून तिचा आवाज यायचा, “आहे.” पुन्हा दुसरी जागा. “आता?” “कमी झाली, पण आहे.” ज्या माणसानं गिऱ्हाइकाला चारचौघांत वेड्यात काढलं होतं, तो बायकोला शिटी आहे का विचारत जमिनीवर सरपटत होता आणि ओसरीवरून आख्खं घर बघत होतं. शेवटी ती म्हणाली, “गेली.” मग तिनं ट्रेबल मागे घेतला, ट्वीटरचा आवाज मला खाली करायला लावला, थोडा वर, परत थोडा खाली. सांगताना ती अगदी हळू बोलत होती, जणू तिचंच काही चुकलंय.

आबांना तिच्या शेजारी बसवलं. दारं उघडीच ठेवली. मी आबांच्या बाजूला गाडीच्या दाराशी उकिडवा बसलो. कॅसेट सुरू झाली. ओव्या झाल्या, आरोळी झाली, आणि त्यानंतर माझ्यासाठी काहीच नव्हतं. निव्वळ शांतता. मी आबांकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलत होते. शोभानंही डोळे मिटले होते. घंट्या वाजत असणार. अगदी जशा हव्यात तशा वाजत असणार.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण जित्याची खोड. उभं आयुष्य मी मान डोलावून गिऱ्हाईक खूश केलं होतं. मी डोळे मिटले, मान हलवायला लागलो, तळहातानं मांडीवर हलकासा ताल धरला. आणि म्हणालो, “वा! बघा आबा, आता कशा मोकळ्या वाजतायत.”

खांद्यावर हात पडला म्हणून डोळे उघडले. आबा माझ्याकडे वळून बघत होते. दत्ता दुसरीकडे बघत होता. शोभानं पदर तोंडाला लावला होता.

“मिस्त्री,” आबा म्हणाले, “टेप संपली कवाच.”

तोंड लपवायला त्या उघड्या माळावर जागा नव्हती. मी म्हणालो, “आबा, मला घंट्या येत नाहीत. मघाशीही नाही आल्या. मला काहीच येत नाही.” हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोललो.

कुणी हसलं नाही. हसले असते तर मला सोपं गेलं असतं. आबांनी शोभाला टेप मागे घ्यायला सांगितलं आणि माझं मनगट धरलं. ओव्यांचा शेवट झाला, आरोळी झाली, आणि मग आबांचं बोट माझ्या मनगटावर हलकेच आपटलं. “ही ढवळीची,” ते म्हणाले. पुन्हा बोट. “ही मागं ऱ्हानारीची, तिला कायम उशीर.” मग दोनदा पाठोपाठ. “ही जुळी कोकरं, संगंच पळायची.” बोटं पडत राहिली, आधी दाट, मग कळप लांब गेला तशी विरळ. मी मान खाली घालून बसलो होतो. शोभा बघते आहे हे मला माहीत होतं, म्हणून कळप पार निघून गेला तरी मान वर केली नाही.